लंडनमधील भीमराव आणि शिष्यवृत्तीचा हिशेब

थोर पुरुषांच्या विद्यार्थिदशेविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा कीर्तनाच्या सुरात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनमधील दिवसांचेही तसेच झाले आहे. पापडाच्या दोन तुकड्यांवर काढलेल्या रात्री, ग्रंथालय बंद होईपर्यंत न सुटणारी बैठक, दिव्याच्या उजेडात उजाडलेली पहाट; जयंतीच्या आणि पुण्यतिथीच्या व्यासपीठांवरून हे चित्र इतक्या वेळा रंगविले गेले आहे की, त्या मागची माहिती विचारण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. तपश्चर्या म्हटले की हिशेब संपतो. परंतु ज्या विद्यार्थ्याविषयी हे बोलले जाते तो अर्थशास्त्राचा विद्यार्थी होता. पैसा किती होता, तो कोणी दिला, कोणत्या अटीवर दिला, केव्हा थांबविला आणि थांबविल्यामुळे काय बुडाले, हे प्रश्न त्याने स्वतः सर्वप्रथम विचारले असते. त्या प्रश्नांच्या वाटेने गेले तर लंडनमधल्या त्या वर्षांची गोष्ट कमी उदात्त ठरत नाही. मात्र ती अधिक अस्वस्थ करणारी ठरते.

करारावरचे शिक्षण

या कथेचा आरंभ लंडनमध्ये होत नाही, बडोद्यात होतो. १९१३ च्या जून महिन्यात सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे सरकारशी भीमरावांचा करार झाला. त्यानुसार परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी. पंधरा रुपयांस एक पौंड हा त्या काळचा दर धरला तर ही रक्कम महिन्याला सुमारे एकशे सत्तर रुपये होते. फेब्रुवारीत वडील सुभेदार रामजी वारले होते. मागे मुंबईत पत्नी रमाबाई आणि कुटुंब होते. या रकमेतून घरीही काही पाठवावयाचे होते.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात भीमरावांनी तीन वर्षे काढली. १९१५ मध्ये एम. ए. ची पदवी मिळाली, १९१६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या इतिहासावरील प्रबंध लिहून झाला, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून वेचलेला सुमारे दोन हजार ग्रंथांचा संग्रह जमला. पण भीमरावांची दृष्टी लंडनकडे लागलेली होती. अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवी आणि बॅरिस्टरी या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वेळी साधणे शक्य होते. संस्थानकडे मुदतवाढ मागितली, ती एका वर्षाची मिळाली, आणि १९१६ च्या उन्हाळ्यात ते लंडनला पोहोचले.

ते महायुद्धाचे लंडन होते. रात्री दिवे मंद केलेले असत, जर्मन हवाई जहाजांची धास्ती असे आणि विद्यार्थी म्हणून वर्गात बसावयाचे तरुण फ्रान्सच्या खंदकांत होते. भीमरावांनी ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले आणि नोव्हेंबरमध्ये ग्रेज इन या कायद्याच्या संस्थेत प्रवेश घेतला. कोलंबियातील गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांनी दिलेल्या परिचयपत्रांमुळे सिडनी वेब आणि प्राध्यापक फॉक्सवेल यांची दारे उघडली. त्यांनी निवडलेले विषय पाहण्यासारखे आहेत. मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार आणि हॉबहाउस यांच्याकडे समाजाच्या उत्क्रांतीचा सिद्धांत. रुपयाचा आणि करांचा अभ्यास करावयास निघालेला हा विद्यार्थी समाज कसा घडतो व कसा बदलतो याचीही शिदोरी बांधून घेत होता.

लंडन स्कूल ही त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजसारखी श्रीमंतांच्या मुलांची संस्था नव्हती. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत संध्याकाळचे वर्ग चालत, आणि दिवसभर कचेरीत काम करून आलेले रेल्वे कंपन्यांचे कारकून तेथे अर्थशास्त्राची व्याख्याने ऐकावयास बसत. पोटासाठी काम करीत शिकणारा माणूस तेथे अपवाद नव्हता. वसाहतीतून आलेल्या, नात्यागोत्याचा आधार नसलेल्या विद्यार्थ्याला परक्या शहरात रुळण्यासाठी असे वातावरण मोलाचे असते.

परंतु रुळण्यास अवधी मिळाला तो जेमतेम एका वर्षाचा. १९१७ च्या मध्यावर शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा, प्रबंध अर्धा, बॅरिस्टरीच्या सत्रांतील थोडीच पुरी झालेली, आणि करारनाम्यातील अट समोर उभी. लंडन विद्यापीठाने मात्र एक सवलत दिली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास सोडलेला अभ्यास पुढे चालू करता येईल असे मान्य केले. पुढील साऱ्या धडपडीला या मुदतीची चौकट होती.

खोली मिळण्याचा प्रश्न

परतीच्या प्रवासात भीमराव एका बोटीने आले आणि त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने निघाले. सामानाची बोट पाणतीराला बळी पडली. कित्येक वर्षे पोट मारून जमविलेली पुस्तके आणि टिपणे त्या बोटीबरोबर बुडाली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला उतरले. बडोद्यास जाण्यासाठी जवळ पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये हाती आले तेव्हा त्यांतून घरखर्चाची आणि बडोद्याच्या तिकिटाची सोय झाली.

बडोद्यात जे घडले ते सर्वश्रुत आहे. परंतु लंडनच्या संदर्भात ते पुन्हा पाहिले पाहिजे. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांना खोली नाकारणाऱ्या घरमालकिणी नव्हत्या असे नाही. इंग्लंडमधील हिंदी विद्यार्थ्यांच्या अडचणींची चौकशी करण्यासाठी १९२१ मध्ये लिटन समिती नेमावी लागली, एवढ्यावरून तेथील स्थिती समजते. तरीही भाडे भरणाऱ्याला कोठे ना कोठे खोली मिळत होती. ज्या संस्थानाच्या पैशावर ते शिकले, ज्या संस्थानात ते वरिष्ठ अधिकारी म्हणून रुजू होत होते, त्या बडोद्यात मात्र भाड्याची खोली मिळेना. पारशी नाव धारण करून एका पारशी पथिकाश्रमात काढलेले दहा दिवस, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन दारात उभा राहिलेला जमाव, आणि त्यानंतर सार्वजनिक बागेत काढलेले काही तास, हा सारा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असेही त्यांनी तेथे नमूद केले आहे. परक्या शहरातील विद्यार्थी घराकडे परततो तेव्हा त्याला आपलेपणा भेटतो असा सर्वसाधारण अनुभव आहे. भीमरावांच्या बाबतीत तो उलटा झाला.

बडोदे सोडून ते मुंबईस आले. शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा उद्योग करून पाहिला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. पगार दरमहा साडेचारशे रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि प्राध्यापकाच्या प्रतिष्ठेला साजेसे बिऱ्हाड थाटणे सहज शक्य होते. पण परळच्या कामगार वस्तीतील चाळीचे बिऱ्हाड हलले नाही. रमाबाईंच्या हाती खर्चापुरती बेताची रक्कम पडे. उरलेली लंडनच्या नावाने बाजूला जाई. या काटकसरीचे श्रेय एकट्या विद्यार्थ्याला देऊन चालणार नाही. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले, बाकीच्यांचे मृत्यू या ओढाताणीच्या वर्षांच्या मागेपुढे झाले. लंडनच्या शिक्षणाचा जमाखर्च मांडताना रमाबाईंच्या घराचा रकाना कोरा ठेवला तर तो जमाखर्च खोटा ठरेल.

नागपूरहून लंडनकडे

१९२० हे वर्ष निर्णायक ठरले. जानेवारीच्या अखेरीस ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले. मार्चमध्ये सिडनहॅमची नोकरी सोडली. त्याच महिन्यात माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी या तरुण पुढाऱ्याला जाहीरपणे आपले पाठबळ दिले. आणि ३० मे ते १ जून या तीन दिवसांत नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अस्पृश्यांचे कायदेमंडळातील प्रतिनिधी इतरांनी निवडून द्यावेत हा विचार येथे धुडकावला गेला, आणि त्यात भीमरावांच्या भाषणाचा मोठा वाटा होता. नागपूरशी त्यांचा जो ऋणानुबंध १९५६ च्या विजयादशमीला दीक्षाभूमीवर शिखराला पोहोचला, त्याच्या प्रारंभीच्या दुव्यांपैकी हा एक.

नागपूरच्या उन्हाळ्यातली ती परिषद संपली आणि महिन्याभरातच, जुलैमध्ये, परिषदेचा हा वक्ता पुन्हा विद्यार्थी होऊन बोटीवर चढला. चळवळ नुकती आकार घेत होती, वर्तमानपत्र पाच-सहा महिन्यांचे होते, समाजाची दृष्टी त्यांच्याकडे लागली होती. अशा वेळी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी सारे सोडून वर्गात जाऊन बसणे हा निर्णय सोपा नव्हता. त्याची किंमतही मोजावी लागली. संपादकाच्या गैरहजेरीत ‘मूकनायक’ रखडत चालले आणि १९२३ मध्ये ते बंद पडले. अर्थशास्त्रात एखादी वस्तू मिळविण्यासाठी दुसऱ्या वस्तूवर सोडावे लागणारे पाणी हाच तिचा खरा खर्च मानतात. १९१७ मध्ये आणखी दोन-तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली असती तर हा खर्च करावाच लागला नसता.

या वेळी संस्थानचा आधार नव्हता. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि न्यूयॉर्कमधील सहाध्यायी नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, असे भांडवल होते. ज्या समाजातील लोकांनी बडोद्याच्या पथिकाश्रमातून बाहेर काढले त्याच समाजातील एका मित्राने लंडनचे दार उघडण्यास हात दिला, ही गोष्टही नोंदविली पाहिजे.

रुपयाची घसरगुंडी

३० सप्टेंबर १९२० रोजी भीमराव लंडन स्कूलमध्ये पुन्हा हजर झाले. दुसरे लंडन पहिल्याहून महाग होते. युद्ध संपले होते, पण महागाई शिगेला पोहोचली होती. ब्रिटनच्या सरकारी आकड्यांनुसार नोव्हेंबर १९२० मध्ये कामगार कुटुंबाचा राहणीखर्च युद्धपूर्व काळाच्या पावणेतीनपट झाला होता. त्याच सुमारास दुसरे संकट चालून आले, ते हुंडणावळीचे. चांदीच्या तेजीमुळे आणि सरकारने दोन शिलिंगांचा दर बांधण्याचा जो हट्ट धरला त्यामुळे फेब्रुवारी १९२० मध्ये एक रुपया दोन शिलिंग दहा पेन्सांपर्यंत चढला होता. पुढील काही महिन्यांत तो कोसळला आणि १९२१ च्या आरंभी दीड शिलिंगाच्याही खाली गेला. फेब्रुवारीत ज्या हजार रुपयांचे एकशे एकेचाळीस पौंड झाले असते, त्यांचेच सोळा पेन्सांच्या दराने सदुसष्ट पौंडही होत नव्हते. मुंबईत साठविलेल्या रुपयांवर लंडनमध्ये जगणाऱ्या प्रत्येक हिंदी विद्यार्थ्याचे भांडवल असे काही महिन्यांत आटले.

नेमक्या याच काळात भीमराव रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने सुवर्ण विनिमय पद्धतीची भलामण केलेली असता त्यांनी तिच्यावर हल्ला चढविला. रुपयाची विदेशी किंमत टिकविण्याच्या खटाटोपात सरकार त्याची देशातील क्रयशक्ती वाऱ्यावर सोडते, आणि चलन हवे तेवढे वाढविण्याची मोकळीक सरकारच्या हाती ठेवणे धोक्याचे आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. हा सिद्धांत त्यांच्या खिशातील अडचणीतून जन्मला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तो चलनाच्या इतिहासाच्या कसून केलेल्या अभ्यासातून आला. परंतु हुंडणावळीचा दर ही केवळ तक्त्यातील आकडेवारी नसून माणसाच्या ताटातील अन्न असते, हे त्यांच्याइतके निकटून पाहिलेले प्रबंधकार थोडे असतील.

सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले. कायद्याच्या अभ्यासाची फी आणि परतीचा प्रवास, दोन्हींची पंचाईत होती. सोळा पेन्सांच्या दराने ही रक्कम तीन हजार रुपयांची होते. मे १९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले, आणि हा आधारही गेला.

दिवसाची वाटणी

या पैशांत लंडनमध्ये राहावयाचे कसे, याचे उत्तर भीमरावांनी दिवसाच्या आखणीतून शोधले. सकाळी बिऱ्हाडी चहा, पावाचा तुकडा, जोडीला थोडी मासळी. घरमालकीण हिशेबाची कडक, वाढप बेताचे. तेथून पायी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. दार उघडण्याच्या वेळेस तेथे पोहोचावयाचे आणि रखवालदाराने उठविल्याखेरीज उठावयाचे नाही. दुपारच्या जेवणाला बहुधा फाटा. संध्याकाळी टिपणांच्या कागदांनी खिसे फुगलेले, चेहरा उतरलेला, अशा स्थितीत बाहेर पडून थोडे पाय मोकळे करावयाचे आणि बिऱ्हाडी परतून पुन्हा पुस्तक उघडावयाचे. रात्री पोट कुरतडू लागले की ओळखीच्या गुजराती गृहस्थाने दिलेले पापड भाजून खावयाचे आणि मांसाच्या अर्काचे गरम पेय घ्यावयाचे. झोपण्याचा आग्रह करणाऱ्या सोबत्याला ते सांगत की, खाण्याला पैसा नाही आणि झोपेला वेळ नाही.

या दिनक्रमात नवलाची गोष्ट उपासाची नाही. गरिबी उपास शिकवितेच. नवल आहे ते निवडीचे. लंडन शहरात एका गरीब विद्यार्थ्याला काय फुकट मिळते आणि कशाला पैसे पडतात, याचा अचूक अंदाज त्यांनी घेतला होता. खोली, कोळसा, जेवण, बसभाडे ही सारी महाग. पण म्युझियमचे भव्य घुमटाखालचे वाचनालय प्रवेशपत्र मिळालेल्या वाचकाला विनामूल्य खुले होते. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात हिंदुस्थानच्या कारभाराची मूळ कागदपत्रे होती. लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय होते. ज्या वाचनालयात कार्ल मार्क्सने अर्धे आयुष्य घालविले तेथे मुंबईच्या चाळीतून आलेल्या माणसाला लक्षावधी ग्रंथ एका मागणीपत्रावर मिळत होते. खासगी पैशाची उणीव त्यांनी सार्वजनिक संपत्तीने भरून काढली. आपल्या शहरांत सार्वजनिक ग्रंथालयाला शोभेची वस्तू समजणाऱ्यांनी ही बाब लक्षात घ्यावी.

ग्रेज इनचा रिवाज निराळाच. बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्याने दर सत्रात तेथील भोजनगृहात ठरावीक जेवणे घेतलीच पाहिजेत आणि त्यांचे पैसेही भरले पाहिजेत, असा तो जुना दंडक. दुपारचे जेवण टाळून वाचन करणाऱ्याला ही भोजने परीक्षेइतकीच आवश्यक होती. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली होती. लंडनच्या त्या जुन्या दालनात मात्र सर्वांबरोबर एका टेबलाशी बसून जेवणे ही सक्ती होती. अशी सक्ती हिंदुस्थानातील एखाद्या संस्थेने केली असती तर किती प्रश्न सुटले असते!

दुसऱ्या लंडनची फळे लवकर दिसू लागली. जून १९२१ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकेंद्रीकरणावरील प्रबंधाला एम. एस्सी. पदवी मिळाली. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्यांच्या वास्तव्याची शेवटची प्रसिद्ध खूण म्हणजे किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर. १९२१-२२ मध्ये ते तेथे राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ही वास्तू खरेदी केली आणि आता तेथे स्मारक आहे. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही एप्रिल १९२१ मध्ये त्यांनी नाव नोंदविले होते. पण लंडनचा व्याप सोडून तेथे हजेरी लावणे जमले नाही आणि जानेवारी १९२२ मध्ये ते नाव कमी करण्यात आले. एवढ्या ओढग्रस्तीतही तिसरे विद्यापीठ जोडू पाहणाऱ्या या माणसाची भूक पापडाने भागणारी नव्हती.

रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झाला. परीक्षकांना त्यातील ब्रिटिश धोरणावरील टीकेची धार मानवली नाही आणि तो पुन्हा लिहून आणण्यास सांगण्यात आले. पैसे संपले होते, राहणे शक्य नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, मजकुराची मांडणी फिरवून पण निष्कर्ष न फिरवता प्रबंध ऑगस्टमध्ये लंडनला धाडला, आणि नोव्हेंबरमध्ये डी. एस्सी. मिळाली. डिसेंबरात पी. एस. किंग या लंडनच्या प्रकाशकाने तो ग्रंथरूपाने काढला. प्राध्यापक कॅनन यांनी आपले मतभेद राखून त्याला प्रस्तावना लिहिली. हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना भीमराव याच विषयावर अधिकाराने बोलले. १९१३ च्या करारापासून या पदवीपर्यंत दहा वर्षे गेली. त्यांतील १९१७ ते १९२० ही तीन वर्षे अभ्यास पैशाअभावी बंद होता.

कृतज्ञता आणि धडा

याच दशकात विदर्भातून पापळ गावचे पंजाबराव देशमुख एडिंबरो व ऑक्सफर्डला शिकून आले आणि त्यांनी अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. परदेशी शिक्षणाचे चीज कशात असते हे त्या पिढीला ठाऊक होते. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि पुढच्याच जानेवारीत सभेने सोलापुरास विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन आलेल्या विद्वानाला खोली आणि दोन वेळचे जेवण हा शिक्षणाचा पहिला धडा वाटला, यात त्याच्या लंडनचे आणि बडोद्याचेही प्रतिबिंब आहे. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या आणि त्यांत परदेशी शिक्षणाचीही सोय करवून घेतली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. मुंबईचे सिद्धार्थ आणि औरंगाबादचे मिलिंद ही महाविद्यालये त्यातून उभी राहिली. त्यांच्यामागे नागपुरात दीक्षाभूमीवर १९६४ मध्ये महाविद्यालय सुरू झाले.

प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना कृतज्ञतेने अर्पण केला. देणाऱ्याचा हात त्यांनी कधी विसरू दिला नाही. पण आपण सोसले ते पुढच्यांनीही सोसावे, त्यातूनच माणूस घडतो, असा विचार त्यांनी मनाला शिवू दिला नाही. त्यांच्या उपासाचे गोडवे गाणारे अनेक जण नकळत हाच विचार करीत असतात. भीमराव पापड खाऊन शिकले, मग आजच्या मुलाला हप्ता चार महिने उशिरा मिळाला तर बिघडले काय, असा त्याचा मथितार्थ. उपाशी राहूनही डी. एस्सी. झालेला एक माणूस दिसतो. अर्धी शिष्यवृत्ती संपल्यावर बोटीतून परतले आणि कायमचे कारकुनीला लागले अशांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

महाराष्ट्रात आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. केंद्र सरकारचीही आहे. नागपूर, चंद्रपूर, भंडारा भागांतील मुले त्यांवर लंडन-एडिंबरोला जातात. हप्ता वेळेवर पोहोचत नाही, कागदपत्रांचा फेरा संपत नाही, अशा तक्रारी वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळतात. परक्या शहरात महिनाअखेरीस घरभाडे मागितले जाते तेव्हा मंत्रालयातील नस्ती कोणत्या टेबलावर आहे हे घरमालकिणीला सांगून उपयोग नसतो. हुंडणावळ घसरली तर रुपयांत ठरविलेली रक्कम तिकडे अपुरी पडते, हेही शंभर वर्षांपूर्वीसारखेच आजही खरे आहे. म्हणून शिष्यवृत्तीची रक्कम तेथील खर्चाशी व चलनाशी बांधलेली असावी, तिची मुदत अभ्यासक्रमाच्या मुदतीएवढी असावी आणि हप्ता सत्र सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या हाती पडावा. यात दयेचा प्रश्न नाही. अर्ध्यावर सोडलेल्या शिक्षणात आधी घातलेला पैसाही बुडतो, हे साधे अर्थशास्त्र आहे.

दर विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारी माणसे शिदोरीतली भाकरी खातात आणि गाठीचे पैसे मोडून पुस्तके विकत घेऊन जातात. बाबासाहेबांच्या लंडनचा अर्थ त्यांना समजला आहे. त्यांच्या मुलांवर भाकरी की पुस्तक अशी निवड करण्याची पाळी येऊ नये, एवढे तरी सरकारी कचेऱ्यांना समजावयास हवे.